वॉटर ब्लॉक निवडताना



यंदाच्या सुट्टीत स्वतःच्या हाताने संगणक जोडायचा बेत आपल्या काही मोठ्या मुलांनी केला आहे. त्यातल्या दोघातिघांना तो पाण्याने थंड होणारा हवा आहे. "सर, एवढा खर्च करावा का? आणि वॉटर ब्लॉक कोणता घ्यावा?" असे पालकांनी विचारले, म्हणून हा लेख.

वॉटर ब्लॉक म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर घट्ट बसणारा धातूचा पोकळ ठोकळा. त्याच्या आतून पाणी वाहते. प्रोसेसरची उष्णता धातूत जाते, धातूतून पाण्यात, पाण्यातून रेडिएटरमध्ये आणि शेवटी पंख्यांच्या वाऱ्याने खोलीच्या हवेत. हा शेवटचा मुक्काम मुले विसरतात. अशा व्यवस्थेत पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. मे महिन्यात इंदूरच्या वरच्या मजल्यावरील खोलीत ४० अंश असतील, तर पाणी ४० च्या वरच राहणार, ब्लॉक कितीही महागाचा असो.

आता ब्लॉकच्या पोटात पाहू. तळाच्या तांब्याच्या पत्र्यावर केसासारख्या बारीक खाचा कोरलेल्या असतात. १९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात टकरमन आणि पीझ यांनी सिलिकॉनमध्ये सुमारे ५० मायक्रॉन रुंदीच्या खाचा कोरून त्यांतून पाणी सोडले आणि एका चौरस सेंटिमीटरमधून ७९० वॅट उष्णता काढून दाखवली. खाचांमुळे पाण्याला धातूचा स्पर्श जास्त जागी होतो आणि उष्णतेला पाण्यात थोडेच अंतर जावे लागते. पुण्याच्या आयसरमधील 'परम ब्रह्म' हा महासंगणकही पाण्यानेच थंड ठेवतात. तेव्हा ही केवळ हौसेची गोष्ट नाही.

जोरदार पंपाच्या मागे लागू नका. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल आणि प्रोसेसर २०० वॅट उष्णता देत असेल, तर ब्लॉकमधून जाताना पाणी सुमारे २.९ अंशच तापते. (विशिष्ट उष्मा ४.१८ धरून मुलांनी हे गणित वहीत करावे. आम्ही हिंदीत त्याला 'विशिष्ट ऊष्मा' म्हणत असू, उत्तर तेच येते.) प्रवाह चौपट केला तर हा फरक पाऊण अंशाहून कमी होतो. म्हणजे मोठ्या पंपाचे पैसे देऊन हाती फारसे लागत नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न धातूचा. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, अ‍ॅल्युमिनियमची २३५ च्या आसपास. पण खरा धोका वाहकतेचा नाही. बारावीच्या रसायनातला विद्युत घट आठवा. तांब्याचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात जोडले की तसाच घट तयार होतो आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. मळ खाचांत अडकतो, पुढे रेडिएटरला छिद्र पडून पाणी थेट बोर्डावर येऊ शकते. स्वस्त रेडिएटर बहुधा याच धातूचा असतो, म्हणून आधी विचारा. निकेलचा मुलामा दिलेला ब्लॉक चालतो, पण मुलाम्याखाली तांबेच आहे ना, ते पाहा. तांबे अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते, हातात घेतले की कळते.

मग माप. इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटभोवतीची भोके ७५ मिलिमीटरवर होती, २०२१ मध्ये आलेल्या एलजीए १७०० ची ७८ वर आहेत. फरक तीनच मिलिमीटरचा, तरी जुना ब्लॉक नव्या पट्टीशिवाय बसत नाही. एएमडीच्या एएम ४ चा ब्लॉक एएम ५ वर बहुतेकदा बसतो. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक घ्यायचा असेल तर चिपचे नाव जुळणे पुरेसे नाही, त्या कार्डाची पाटीही जुळली पाहिजे. इथे बरेच पैसे वाया जातात.

वरचे झाकण अ‍ॅक्रिलिकचे असले तर आतले पाणी दिसते, मुलांना ते आवडते. मात्र स्क्रू जास्त आवळला किंवा स्पिरिटने पुसले तर त्याला तडे जातात. मला साधे काळे अ‍ॅसिटलचे झाकण बरे वाटते.

पालकांना स्पष्टच सांगतो: अभ्यासासाठी किंवा प्रोग्रामिंगसाठी चांगला हवेचा कूलर पुरतो आणि तो पुष्कळ स्वस्त पडतो. पाण्याची व्यवस्था करायचीच असेल तर मुलाने हे वाचून, मापे घेऊन, स्वतः यादी करून आणावी, मग पैसे द्यावेत.

जोडताना नवा रेडिएटर आधी डिस्टिल्ड पाण्याने अनेकदा धुवावा, नाहीतर त्यातला कचरा ब्लॉकच्या खाचांत बसतो. ब्लॉकवर 'आत' आणि 'बाहेर' अशा खुणा असतील तर नळ्या त्याप्रमाणेच लावाव्यात. शेवटी बाकी संगणकाची वीज पूर्ण बंद ठेवून फक्त पंप चोवीस तास चालवावा आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवावा. कागद कोरडा राहिला तरच बोर्डाला वीज जोडावी.