आधी झाकण उघडून दाखवा

नातेवाइकांचे, सोसायटीच्या ऑफिसचे आणि ओळखीच्या दुकानदारांचे कॉम्प्युटर बघायचं काम कधीतरी माझ्या गळ्यात पडलं, ते पडलंच. हल्ली कोणालाच पायाशी मोठा कॅबिनेट नको असतो. मॉनिटरमागे लपेल असा मिनी पीसी हवा असतो. पाठोपाठ प्रश्न येतोच : "पुढे रॅम वाढवता येईल ना रे?"

१. डबा लहान की मोठा, यावर ते ठरत नाही. मॅक मिनीचंच बघा. २०१० च्या मॉडेलला खाली गोल झाकण होतं. अंगठ्यांनी फिरवलं की रॅम समोर. २०१४ मध्ये डबा तोच राहिला, पण रॅम बोर्डावर सोल्डर झाली. २०१८ मध्ये रॅमचे स्लॉट परत आले, तर स्टोरेज बोर्डावर चिकटलेलं. २०२० च्या एम१ पासून रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसते, म्हणजे तो विषयच संपला. आणि २०२४ चा एम४ मिनी, जेमतेम १२.७ सेंटिमीटर लांब-रुंद, त्यात स्टोरेजचं कार्ड सुटं निघतं! पण बाजारातली एसएसडी तिथे चालत नाही : कार्डावर नुसत्या मेमरीच्या चिप असतात, त्यांचा कंट्रोलर प्रोसेसरमध्ये. कार्ड बदललं की दुसरा मॅक जोडून रिस्टोअर करत बसा.

२. घरच्या घरी हात घालायचा असेल, तर ऑफिसांतून निघालेला एक लिटरचा डबा घ्या. लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रिफर्बिश्ड म्हणून मिळतात. माझा लाडका टायनी एम७२०क्यू. मागचा एकच स्क्रू काढायचा आणि वरचं झाकण सरकवायचं. वर पंखा आणि अडीच इंची ड्राइव्हची जागा. मशीन उलटं केलं की खालचंही झाकण सरकतं. तिथे रॅमचे दोन स्लॉट आणि एम.२ एसएसडी. रॅम तिरकी घालायची, सोनेरी कड पुरती आत जाऊ द्यायची, मग हलक्या बोटाने खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा खट्कन लागल्या की बसली. आवाज आला नाही तर जोर लावू नका, काढून परत घाला.

३. दुकानात "लॅपटॉपची रॅम" असंच म्हणा, आणि डीडीआर४ की डीडीआर५ तेही सांगा. नुसतं "डेस्कटॉपची" म्हटलंत, तर लांबलचक पट्टी हातात पडेल. एसएसडीचंही तसंच : एम.२ हे फक्त मापाचं नाव आहे. त्या मापात साटाही येते आणि एनव्हीएमईही, आणि प्रत्येक स्लॉट दोन्ही घेतोच असं नाही.

४. प्रोसेसरच्या नादी लागू नका. या डब्यांत सॉकेट असतो हे खरं, पण पंखा आणि ॲडाप्टर सहसा ३५ वॅटच्या, नावापुढे टी असलेल्या प्रोसेसरच्या बेताने दिलेले असतात. डेलचं मशीन तर ॲडाप्टरही ओळखून घेतं. पिनेच्या मधोमध बारीक सुई असते, तिच्यातून ओळख पटली नाही तर सुरू होतानाच इशारा येतो आणि प्रोसेसर मंद चालतो.

५. स्वस्तातला सहाव्या-सातव्या पिढीचा डबा घेऊन त्यात रॅम ओतण्याआधी थांबा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढचेच प्रोसेसर आहेत, मोजके अपवाद सोडून. लिनक्स चालवणाऱ्याला मात्र हे डबे म्हणजे पर्वणी.

६. एन१०० प्रोसेसरवाले चिमुकले डबे. प्रोसेसर सोल्डरच असतो. रॅमला कुठे एक स्लॉट, कुठे तोही नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पैसे देण्याआधी "झाकण उघडून दाखवा" म्हणायचं. दुकानदार का-कू करू लागला, तर पुढचं दुकान आहेच.

७. सोल्डर म्हणजे दर वेळी कंपनीचा लोभ, असं मी आता म्हणत नाही. मालकाने स्वतः दुरुस्त करावेत असे लॅपटॉप बनवणाऱ्या फ्रेमवर्कने २०२५ मध्ये छोटा डेस्कटॉप आणला, त्यातही रॅम सोल्डरच. एएमडीच्या त्या प्रोसेसरला हवा तो वेग सुट्या रॅमवर मिळेना. घरात मोठी एआय मॉडेलं चालवणाऱ्याने तो जरूर घ्यावा, आणि रॅम लागेल तेवढी पहिल्याच दिवशी घ्यावी. बाकीच्यांनी त्या वेगाचं करायचं काय? शिवाय "रॅम काय, पुढे स्वस्तच होणार" हा हिशेबही २०२५ च्या शेवटी कोलमडला. एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी वाढवली आणि भाव भडकले.

मावसभावाच्या दुकानात टायनीच बसवलाय. टॅली, जीएसटीचं पोर्टल आणि व्हॉट्सॲपला आठ जीबीची एक पट्टी पुरते. दुसरा स्लॉट रिकामा आहे, आणि भाव उतरेपर्यंत तो तसाच राहील.