ई-मेलची विस्कटलेली मांडणी मूळपदावर आणणे

शेतीच्या व्यवहारात पत्रव्यवहाराचे महत्त्व दिवसेंदिवस वाढत आहे. माती परीक्षणाचा अहवाल, बियाण्यांच्या मागणीला आलेले उत्तर, पीक विम्यासंबंधीचे पत्र, खरेदीदाराची भावाविषयीची विचारणा, अशी कागदपत्रे आता पुष्कळदा ई-मेलने येतात. ग्रामपंचायतीत, सेवा सहकारी संस्थेत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात एकाच संगणकावर अनेकांचे हात पडतात. त्यामुळे एखादे दिवशी ई-मेलचा कार्यक्रम उघडावा, तो पडदा अगदीच निराळा दिसावा, असे घडते. डावीकडील कप्पे नाहीसे झालेले असतात, पत्रांची यादी रिकामी दिसते किंवा वरची पट्टीच सापडत नाही.

अशा वेळी घाबरून खाते काढून टाकणे व ते पुन्हा जोडणे हा उपाय काही जण करतात. तो अत्यंत धोक्याचा आहे. मांडणी बिघडल्याने एकही पत्र नष्ट होत नाही. परंतु चुकीच्या उपायाने वर्षानुवर्षांची पत्रे कायमची जाऊ शकतात. या पाठात ‘थंडरबर्ड’ या विनामूल्य कार्यक्रमाची मांडणी पूर्ववत कशी करावी, हे क्रमाने सांगितले आहे. या कार्यक्रमाची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली निघाली. २०२३ सालच्या ११५ व्या आवृत्तीत त्याचे रूप पुष्कळ बदलले. म्हणून जुन्या आवृत्तीची सवय असलेल्यास नवी मांडणी बिघडल्यासारखी वाटण्याचा संभव असतो.

मांडणी निराळी, पत्रे निराळी

घरातील भांडी इकडची तिकडे झाली म्हणून कणगीतील धान्य कमी होत नाही. थंडरबर्डमध्येही तसेच आहे. पत्रे ‘मेल’ व ‘आयमॅपमेल’ या नावांच्या कप्प्यांत साठविलेली असतात. खिडकीचा आकार, पट्ट्या व त्यांवरील बटणे यांची नोंद ‘एक्सयूएलस्टोअर’ नावाच्या एका लहान फाइलीत असते. हे सर्व एकाच मोठ्या कप्प्यात असते. त्यास ‘प्रोफाइल’ म्हणतात. मांडणीची दुरुस्ती करताना पत्रांच्या कप्प्यांना हात लावण्याची गरज कधीच पडत नाही.

प्रथम करावयाचे सौम्य उपाय

उपाय नेहमी सौम्याकडून तीव्राकडे करावेत. एक उपाय करून पडदा पाहावा. गुण आल्यास तेथेच थांबावे.

१. *वरची पट्टी दिसत नसल्यास* कळफलकावरील ‘आल्ट’ ही कळ एकदा दाबून सोडावी. ‘फाइल’, ‘एडिट’, ‘व्ह्यू’ इत्यादी शब्दांची पट्टी तात्पुरती दिसेल. ती कायम राहावी म्हणून ‘व्ह्यू’ मध्ये ‘टूलबार्स’ व त्यात ‘मेनू बार’ यावर खूण करावी. पुढील बहुतेक उपाय याच पट्टीवरून करावयाचे असल्यामुळे ही कृती आधी करणे सोयीचे होते.

२. *कप्प्यांचा किंवा वाचनाचा भाग नाहीसा झाल्यास* ‘व्ह्यू’ मधील ‘लेआउट’ उघडावे. तेथे ‘फोल्डर पेन’ व ‘मेसेज पेन’ या दोन्ही शब्दांपुढे खूण असावी. वाचनाचा भाग ‘एफ ८’ ही कळ चुकून दाबली गेल्यानेही लपतो. तीच कळ पुन्हा दाबली की तो परत येतो.

३. *भागांची जागा बदलली असल्यास* त्याच ‘लेआउट’ मध्ये तीन प्रकार आढळतील. ‘क्लासिक’ मध्ये कप्पे डावीकडे, यादी उजवीकडे वर व पत्र तिच्या खाली असते. ‘वाइड’ मध्ये पत्र खालच्या बाजूस पूर्ण रुंदीभर पसरते. ‘व्हर्टिकल’ मध्ये तिन्ही भाग शेजारी शेजारी उभे राहतात. २०२३ पूर्वीच्या आवृत्त्यांत ‘क्लासिक’ हीच मूळ मांडणी होती. जुनी सवय असणाऱ्यांनी ती निवडावी.

४. *यादीतील पत्रे ओळींऐवजी चौकटींत दिसत असल्यास* यादीच्या माथ्यावर उजव्या टोकास असलेले चिन्ह दाबावे व ‘टेबल व्ह्यू’ निवडावे. चौकटी हव्या असल्यास ‘कार्ड्स व्ह्यू’ निवडावे.

५. *तारीख, विषय, प्रेषक यांचे रकाने हलले असल्यास* ‘टेबल व्ह्यू’ मध्ये रकान्यांच्या ओळीच्या उजव्या टोकावरील चिन्ह दाबावे. उघडणाऱ्या यादीत ‘रिस्टोअर’ या शब्दाने आरंभ होणारी ओळ निवडावी. प्रत्येक कप्प्याचे रकाने स्वतंत्र असतात, हे ध्यानात ठेवावे. एका कप्प्यात केलेली व्यवस्था इतर कप्प्यांना लावावयाची असल्यास त्याच यादीतील ‘अप्लाय कॉलम्स टू’ चा उपयोग करावा.

६. *बटणे हरवली असल्यास* वरच्या पट्टीच्या रिकाम्या जागी माउसचे उजवे बटण दाबावे व ‘कस्टमाइझ’ निवडावे. तेथील ‘रिस्टोअर डिफॉल्ट’ दाबून बदल जतन करावा.

७. *अक्षरे फार मोठी किंवा फार बारीक झाली असल्यास* ‘कंट्रोल’ कळ दाबून धरून शून्य दाबावे.

पत्रे गेली असे वाटल्यास

दोन कारणांनी पत्रे नाहीशी झाल्याचा भास होतो. पहिले कारण गाळणीचे. यादीच्या वर ‘क्विक फिल्टर’ नावाची पट्टी असते. तिच्यातील ‘अनरेड’ दाबलेले राहिले तर फक्त न वाचलेली पत्रे दिसतात व सर्व पत्रे वाचून झालेली असल्यास यादी कोरी दिसते. दाबलेले बटण पुन्हा दाबले की पत्रे परत दिसू लागतात.

दुसरे कारण कप्पे दाखविण्याच्या रीतीचे. ‘व्ह्यू’ मधील ‘फोल्डर्स’ उघडून पाहावे. केवळ ‘अनरेड’ वर खूण असेल तर न वाचलेले पत्र नसलेला कप्पा दिसणारच नाही. ‘ऑल फोल्डर्स’ वर खूण करावी. पत्रे गेली असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ही दोन कारणे तपासलीच पाहिजेत.

सौम्य उपायांनी गुण न आल्यास

‘हेल्प’ मधील ‘ट्रबलशूट मोड’ निवडावे. कार्यक्रम बंद होऊन पुन्हा उघडताना एक चौकट दिसते. तीत ‘रिसेट टूलबार्स अँड कंट्रोल्स’ यापुढे खूण करून बदल करण्याचे व पुन्हा सुरू करण्याचे बटण दाबावे. याने पट्ट्या मूळ स्थितीत येतात. दुसऱ्या एखाद्या जोडणीमुळे बिघाड होत आहे काय, हेही याच मार्गाने कळते. कारण या अवस्थेत बाहेरून जोडलेली साधने तात्पुरती बंद असतात.

एवढ्यानेही काम न झाल्यास शेवटचा उपाय करावा. ‘हेल्प’ मधील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडून ‘प्रोफाइल फोल्डर’ समोरील बटणाने प्रोफाइलचा कप्पा उघडावा. त्यानंतर थंडरबर्ड पूर्णपणे बंद करावे. मग संपूर्ण प्रोफाइलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी. प्रत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. नंतर ‘एक्सयूएलस्टोअर’ ही फाइल न पुसता तिचे फक्त नाव बदलावे. कार्यक्रम पुन्हा उघडताच तो त्या नावाची नवी फाइल आपोआप तयार करतो व खिडकी आणि पट्ट्या मूळ रूपात येतात. ‘क्लासिक’, ‘वाइड’ इत्यादी निवड व कप्प्यांचे रकाने यांची नोंद मात्र अन्यत्र असते. त्यांच्यासाठी वर दिलेले तिसरे व पाचवे उपायच करावेत.

काय करू नये

खाते काढून टाकू नये. खाते काढताना संगणकावरील पत्रेही पुसावीत काय, असा पर्याय पुढे येतो व घाईत त्यावर खूण होण्याचा संभव असतो. ‘आयमॅप’ पद्धतीच्या खात्यात पत्रे सर्व्हरवर राहतात, म्हणून ती पुन्हा मिळू शकतात. ‘पॉप’ पद्धतीत मात्र पत्रे सर्व्हरवर ठेवण्याची सोय चालू नसेल, तर कार्यालयातील संगणकावरील प्रत हीच एकमेव प्रत असते. ती पुसली गेली की विम्याचे पत्र असो वा माती परीक्षणाचा अहवाल असो, परत मिळण्याचा मार्ग उरत नाही.

त्याचप्रमाणे ‘प्रेफ्स’ ही फाइल काढू नये. खात्यांची मांडणीविषयक माहिती तिच्यात असते. प्रोफाइलचा कप्पा तर कोणत्याही परिस्थितीत पुसू नये.

ग्रामसेवकांनी आपल्या कार्यालयातील खाते ‘पॉप’ आहे की ‘आयमॅप’, हे ‘अकाउंट सेटिंग्ज’ मध्ये आजच पाहून नोंदवहीत लिहून ठेवावे. मांडणी ठीक असतानाच तिचे एक चित्र छापून संगणकाजवळ लावावे. महिन्यातून एकदा प्रोफाइलची प्रत काढण्याचा नियम ठेवावा. एवढी दक्षता घेतल्यास विस्कटलेली मांडणी काही मिनिटांत पूर्ववत होते व शेतकऱ्याचा कागद सुरक्षित राहतो.