घरच्याच कंपनीला परवानगी कशाला?

प्रश्न : माझ्या मामांची कल्याणला फायनान्स कंपनी आहे, गाड्यांना कर्ज देते. मामा आता थकलेत. सगळे शेअर दोघा मुलांच्या नावे निम्मे-निम्मे करायचे म्हणतात. सीए म्हणतो, आधी रिझर्व्ह बँकेला विचारा. घरातलं घरातच राहणार, मग विचारायचं कशाला? सातबाऱ्यावर पोरांची नावं चढवताना कोण परवानगी मागतं?
— एक वाचक, खर्डी (ता. शहापूर)

उत्तर : सातबाऱ्याचा दाखला निदान शहापुरात तरी देऊ नका. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर तिथेही जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागतेच. शिवाय कंपनी मामांची असली, तरी अशा कंपन्या वाटतात तो पैसा बराचसा बँकांकडून उचललेला असतो. म्हणून चाव्या कोणाच्या हाती जातात, हे रिझर्व्ह बँक आधी बघते.

2015 च्या निर्देशांपासून नियम असा : 26 टक्के किंवा त्याहून जास्त भागभांडवल हस्तांतरित होणार असेल, किंवा स्वतंत्र संचालक वगळून 30 टक्क्यांहून जास्त संचालक बदलणार असतील, तर पूर्वपरवानगी हवी. इथे एकेका मुलाकडे 50 टक्के जाणार, म्हणजे सुटका नाही. एकाच समूहातल्या हस्तांतरालाही कंपनीच्या लेटरहेडवर अर्ज करावाच लागतो. पूर्ण कागदपत्रं मागायची की नाही, हे रिझर्व्ह बँक प्रकरण पाहून ठरवते.

ती मागितली तर घरातलं बरंच काही बाहेर येतं. शेअर घेणाऱ्याचा पैसा कुठून आला, तो बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्या कुणाशी जोडलेला आहे का, त्याच्यावर फौजदारी खटला आहे का, हे लिहून द्यावं लागतं. चेक न वटल्याचा खटलाही त्यातच मोजतात. दोघा भावांना हे आत्ताच विचारून ठेवा.

मोठ्यांनाही यातून सूट नाही. 2021 मध्ये पुण्याच्या अदर पूनावालांच्या रायझिंग सन होल्डिंग्जने मॅग्मा फिनकॉर्पचा ताबा घेतला (आजची पूनावाला फिनकॉर्प), तेव्हाही रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागली होती.

 

मंजुरी आली की लगेच शेअर फिरवायचे नाहीत. एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या, म्हणजे इथे मराठी, वर्तमानपत्रात कारणासह जाहीर सूचना द्यायची आणि निदान 30 दिवस थांबायचं. बक्षीसपत्रावर सही त्यानंतर.