इंजिनाची ऊब आणि हिवाळ्यातील जाजमांची धुलाई

व्यापाऱ्याच्या पेढीवर गादी, लोड आणि जाजम ही केवळ बैठकीची शोभा नव्हे. येणारा शेतकरी, दलाल वा परगावचा खरेदीदार प्रथम बैठकीवर दृष्टी टाकतो व मग भावाची गोष्ट काढतो. तुरीच्या हंगामात भुशाची बारीक धूळ जाजमाच्या विणीत इतकी खोल शिरते की, काठीने झोडपून ती निघत नाही. लग्नकार्यातील सतरंज्या व गालिचे यांची अवस्था तर याहूनही वाईट असते. तेल, तूप आणि पायांची माती यांचा थरच त्यांवर बसलेला असतो.

अमेरिका, कॅनडा आदी देशांत मोटारगाडीत बसविलेल्या यंत्रांनी गालिचे धुण्याचा धंदा १९७० च्या दशकापासून रूढ झाला. आमच्या व्यापारी कुटुंबांतील काही तरुण मंडळी असा धंदा बीदर-कलबुर्गीच्या बाजूस चालेल काय, असा विचार करू लागली आहेत. विचार स्तुत्य आहे. परंतु भांडवल घालण्यापूर्वी एका प्रश्नाचा उलगडा झालाच पाहिजे. या यंत्रांना पाण्यासाठी पुरेशी उष्णता हिवाळ्यात मिळते काय? कारण आपल्याकडे लग्नसराई तुळशीविवाहानंतर सुरू होते, म्हणजे धंद्याचा भर आणि थंडीचा कडाका एकाच वेळी येतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा व्यापारी दृष्टीने अभ्यास करण्याचे आम्ही योजिले आहे.

उष्णता येते कोठून?

या यंत्रात निराळी चूल बहुधा नसते. इंजिन एक ब्लोअर व एक पंप फिरविते. पंप पाणी दाबाने गालिच्यात सोडतो आणि ब्लोअर तेच मळके पाणी लागलीच ओढून घेतो. पाणी तापते ते इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर. ही कल्पना आपल्या लोकांना अगदीच अपरिचित नाही. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात स्थापन झाली, आणि अशा इंजिनांवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या पुढे खेडोपाडी दिसू लागल्या. गिरणीबाहेरच्या पाण्याच्या हौदात इंजिन थंड करणारे पाणी वाफाळत असे. जे पाणी गिरणीवाल्याला निरुपयोगी, तेच धुणाऱ्याच्या उपयोगी, एवढेच या यंत्राचे मर्म होय.

इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या उष्णतेचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. एक तृतीयांश कामास लागतो, एक तृतीयांश इंजिन थंड करणाऱ्या पाण्यातून रेडिएटरकडे जातो व एक तृतीयांश धुराड्यातून निघून जातो. नळ्यांच्या पेटीमधून या दुसऱ्या व तिसऱ्या भागातील जेवढी उष्णता धुण्याच्या पाण्याला देता येईल, तेवढीच आपली जमा.

उष्णतेची खतावणी

एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास एक किलोकॅलरी लागते. एक लिटर डिझेल सुमारे ८,६०० किलोकॅलरी देते. उदाहरणादाखल तासाला ४ लिटर डिझेल खाणारे इंजिन धरू. मिनिटाला सुमारे ५७३ किलोकॅलरी उत्पन्न होतात. त्यांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे ३८२, वाया जाणाऱ्या खात्यात पडतात. नळ्यांच्या पेटीने त्यातील ६० टक्के परत मिळविले असे मानले, तर मिनिटाला सुमारे २३० किलोकॅलरी हाती येतात. ही झाली जमा.

आता खर्च पाहू. यंत्र मिनिटाला ५ लिटर पाणी सोडते असे धरले, तर २३० किलोकॅलरीने त्याचे तापमान ४६ अंशांनी वाढेल. उन्हाळ्यात टाकीतील पाणी ३० अंशांचे असेल तर ते ७६ अंशांवर जाईल. हिवाळ्याच्या सकाळी तेच पाणी १५ अंशांचे असेल तर ते ६१ अंशांवरच थांबेल. यंत्र तेच, इंधन तेच, मजूरही तेच. फक्त आरंभीची शिल्लक १५ अंशांनी कमी. नळी, यंत्राचा पत्रा व थंड हवा यांत होणारी तूट या हिशेबात अद्याप धरलेलीच नाही. म्हणून यंत्र विकणारा ज्या तापमानाची ग्वाही देतो, ते कोणत्या आरंभीच्या पाण्यावर व मिनिटाला किती लिटर सोडून मिळाले, हे विचारल्याशिवाय सौदा करू नये. धान्याचा नमुना ओलावा न पाहता जो घेतो, तो पुढे वजनात मार खातो. तीच गत येथे होते.

तूट भरून काढण्याचे उपाय

पहिला उपाय आपल्या भूमीनेच दिलेला आहे. बीदरच्या पठारावर लाल जांभ्याचा थर असून त्याखाली काळा खडक आहे. या भूमीच्या पोटातील पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचे राहते. बीदरजवळील नौबादची बहामनी काळातील सुरंग बावी जमिनीखालून पाणी वाहून नेण्यासाठीच खोदलेली आहे. हिवाळ्यात विहिरीचे पाणी कोमट लागते, हे जनवाड्यासारख्या गावच्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. रात्रभर गच्चीवर गारठलेले टाकीचे पाणी १५ अंशांचे असते, तेव्हा कूपनलिकेचे ताजे पाणी २५ अंशांच्या आसपास मिळू शकते. वरील हिशेबात ते ७१ अंशांपर्यंत जाईल. म्हणजे दहा अंशांचा लाभ एक पैचेही इंधन न जाळता झाला. मात्र हे पाणी जड असते व त्यातील चुन्याचा थर नळ्यांच्या पेटीत बसतो. हा थर उष्णतेची वाट अडवितो. म्हणून निर्मात्याच्या सूचनेनुसार सौम्य आम्लाने ती पेटी वेळोवेळी धुवावी. ज्याच्या यंत्राची उष्णता वर्षागणिक घटत चालली असेल, त्याने इंजिनास दोष देण्यापूर्वी हा थर तपासावा.

दुसरा उपाय सूर्याचा. आपल्याकडे हिवाळ्यात आकाश बहुधा निरभ्र असते. छपरावरील सौर बंबातून ४५ अंशांचे पाणी भरून घेतले, तर ८० अंशांवर नेण्यास लिटरमागे ३५ किलोकॅलरीच लागतात. पाच लिटरांस १७५ पुरतात आणि आपली जमा २३० ची आहे. मात्र २०० लिटरांचा बंब अशा गतीने ४० मिनिटांत रिकामा होतो, हे ध्यानी ठेवावे. शिवाय यंत्राचा पंप व त्याचे रबर गरम पाणी सोसण्याजोगे आहे की नाही, याची खात्री आधी करून घ्यावी.

तिसरा उपाय पाण्याचा प्रवाह कमी करण्याचा. बारीक तोंडाची तोटी लावून मिनिटाला साडेतीन लिटर पाणी सोडले, तर १५ अंशांचे पाणीही ८० अंशांपर्यंत चढते. काम थोडे मंदावते. परंतु गालिचा कमी भिजतो व लवकर वाळतो, हा नफा त्या तोट्यापेक्षा मोठा आहे.

चौथा उपाय गळती बंद करण्याचा. इंजिनाचा थर्मोस्टॅट उघडा अडकून राहिला तर ते कधीच पुरते तापत नाही. गरम पाण्याची नळी थंड, ओल्या फरशीवरून लांबच लांब नेली तर वाटेत अंश गळतात. नळी शक्य तितकी आखूड ठेवावी, तीवर उष्णतारोधक वेष्टन असावे व ती जमिनीपासून उचललेली असावी. काम सुरू करण्यापूर्वी पाणी न सोडता यंत्र काही वेळ चालवून तापू द्यावे. इंजिनावर ब्लोअरचा भार असेल तेव्हाच ते अधिक इंधन जाळते व अधिक उष्णता देते. नुसते मंद फिरणारे इंजिन पाणी तापवीत नाही. तापमान यंत्रावरील काट्यावर न मोजता हातातील तोटीपाशी मोजावे, कारण गिऱ्हाइकाच्या जाजमास लाभते ते तेथील पाणी.

एवढे करूनही तूट राहिली तर निराळा बर्नर लावावा. १५ अंशांची पूर्वोक्त तूट ५ लिटर प्रवाहावर ७५ किलोकॅलरी प्रतिमिनिट, म्हणजे तासाला ४,५०० किलोकॅलरी होते. बर्नरची कार्यक्षमता ८० टक्के मानल्यास तासाला सुमारे ०.६५ लिटर डिझेल त्यासाठी जाईल. हा खर्च दरात आधीच धरावा, नंतर गिऱ्हाइकाकडे मागू नये.

उष्णता हेच सर्वस्व नव्हे

हर्बर्ट सिनर या जर्मन तज्ज्ञाने १९५९ साली धुण्याचे चार घटक सांगितले: रसायन, घर्षण, उष्णता आणि वेळ. एक उणा पडला तर दुसऱ्यांनी तो भरून काढावा लागतो. थंडीत गालिच्यातील तूप थिजून धाग्याला घट्ट धरते. तेथे द्रावण आधी फवारून दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावे व ब्रशाने हलके घासावे. मग साठ अंशांचे पाणीही पुष्कळ काम करते. उलट लोकरीच्या गालिच्यास अतिशय गरम पाणी व तीव्र क्षार दोन्ही अपायकारक आहेत. त्याने लोकर आटते व रंग सुटतो. सुती जाजम उष्णता अधिक सोसते, पण त्याचाही रंग एका कोपऱ्यात आधी तपासावा. अधिक उष्णता म्हणजे अधिक स्वच्छता हे समीकरण सर्वकाळ खरे नाही.

एक गंभीर सूचना

आम्ही हा लेख लिहावयास घेतला, त्याचे खरे कारण आता सांगतो. थंडीत उष्णता राखण्याच्या हेतूने गाडी वाड्याच्या देवडीत वा बंद गोदामात घेऊन दार लावण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. हा मोह प्राणघातक आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो आणि डोके दुखणे, घेरी येणे एवढ्याच खुणा देऊन माणसास निचेष्ट करतो. म्हणून गाडी सदैव उघड्या जागी उभी करावी, धुराड्याचे तोंड दारे-खिडक्यांपासून दूर ठेवावे आणि आत केवळ नळ्या न्याव्यात. कामगारास डोकेदुखी वा मळमळ जाणवताच इंजिन बंद करून त्यास मोकळ्या हवेत आणावे व वैद्यकीय मदत मिळवावी. तसेच दाबाखालील पाणी १०० अंशांच्या पुढेही तापू शकते. नळी सुटली तर त्याची क्षणात वाफ होते व अंग भाजते. दाब उतरल्याशिवाय जोड सोडू नये.

या धंद्यात पैसा घालू इच्छिणाऱ्या तरुणांस आमचे सांगणे इतकेच की, त्यांनी प्रथम एका हिवाळ्याच्या पहाटे, आपल्याच गावच्या पाण्यावर, यंत्र तासभर चालवून पाहावे. तोटीपाशीचे तापमान, मिनिटाला गेलेले पाणी आणि जळालेले डिझेल या तीन आकड्यांची वहीत नोंद करावी. वैशाखातील चाचणीवर पौषातील वायदे करू नयेत. यंत्रावर काम करणारा मनुष्य बहुधा दुसऱ्याच्या घरचा मुलगा असतो. पाण्याचे दोन अंश कमी पडले तरी चालेल. तो संध्याकाळी सुखरूप घरी परतला पाहिजे, आणि धंद्याचा हिशेब मांडताना ही बाब सर्वांत वर लिहावयास हवी.