रस्त्यावरचा घोडा, अंधार आणि ‘रेडियम’चे जाकीट
(सभासद अभ्यासवर्गासाठी पाठ)



गळीत हंगाम आणि लग्नसराई आपल्याकडे एकाच सुमारास येतात. या दिवसांत रात्रीच्या रस्त्यावर जनावर असते. गावाकडे उसाची बैलगाडी असते, आणि मुंबईला, जिथे आपल्यापैकी कित्येकांचे भाऊबंद गिरणीच्या काळापासून लालबाग-परळला राहतात, तिथे वरातीचा घोडा असतो. दोघांचा धोका एकच आहे. मागून येणाऱ्या मोटारवाल्याला ते वेळेवर दिसत नाहीत. या पाठात मुंबईच्या घोड्यापासून सुरुवात करून आपल्या गाडीतळापर्यंत यायचे आहे.

मुंबईचा रस्ता आणि घोडा

मुंबईचा रस्ता एके काळी घोड्याचाच होता. ९ मे १८७४ रोजी तिथे घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीला आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला जाई. त्या वेळी रस्त्यावर जे काही चाले ते घोड्याच्या नाहीतर बैलाच्या चालीने. पुढचे जनावर दहा पावलांवर दिसले तरी गाडी थांबवता येई.

घोड्यांची ट्राम १९०५ मध्ये बंद पडली आणि ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली. पुढे मोटारी वाढल्या. वाहनांची गर्दी फार झाली म्हणून मुंबई पोलिसांचे घोडदळ १९३२ मध्ये बंद करण्यात आले. ते पुन्हा उभे करण्याची घोषणा झाली ती थेट जानेवारी २०२० मध्ये, आणि त्याच महिन्यात दादरच्या शिवाजी पार्कवर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात हे घोडेस्वार लोकांनी पाहिले. मधल्या काळात व्हिक्टोरिया गाड्या होत्या. त्यांच्या हौशी फेऱ्या बेकायदेशीर असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला. तो निर्णय घोड्यांच्या हालअपेष्टांच्या कारणाने झाला, पण त्यानंतर रस्त्यावरची घोडागाडी गेली ती गेलीच.

म्हणजे आजच्या मुंबईच्या मोटारवाल्याला घोडा बघायची सवय उरलेली नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. ज्याची अपेक्षा नसते ते डोळ्यांसमोर असूनही माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. टॅक्सी, बस, मोटारसायकल यांच्या दिव्यांची आकृती चालकाच्या डोक्यात पक्की असते. घोड्याला मागे दिवा नाही, इंजिनाचा आवाज नाही, आणि रंग बहुधा तपकिरी नाहीतर काळा.

धोका वरातीत नाही, परतीला आहे

लालबाग-परळची वरात आपल्यापैकी पुष्कळांनी बघितली असेल. पुढे बँड, दोन्ही बाजूंना डोक्यावर बत्त्या घेतलेली माणसे, मध्ये नवरदेवाचा घोडा, आजूबाजूला नाचणारी पोरे. तिथे घोडा दिसला नाही असे म्हणायची कुणाची छाती होणार नाही. सगळा रस्ताच उजळलेला असतो.

आता रात्री उशिराचा देखावा बघा. नवरदेव मांडवात गेला. बँडवाले टेंपोत बसून निघून गेले. बत्त्या विझल्या. राहिला कोण? घोडा आणि त्याचा मोतद्दार. त्याला अजून तबेल्यापर्यंत जायचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर उड्डाणपुलाच्या खांबांची सावली पडलेली असते, रस्ता मोकळा झाल्यामुळे मोटारी वेगात येत असतात, आणि हा दमलेला माणूस काळपट सदऱ्यात काळपट घोडा हाताशी धरून चाललेला असतो. ज्याच्यामुळे वरातीला शोभा आली, त्याच्या परतीच्या वाटेचा विचार वरातवाल्यांपैकी कोणी करीत नाही.

घोड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. माणसाचा पाय मोडला तर प्लॅस्टर घालून खाटेवर झोपवता येते. घोड्याला आपले वजन चारही पायांवर तोलून उभे राहावे लागते. तो फार काळ आडवा पडून राहू शकत नाही, म्हणून मोठा मोडलेला पाय बरा होणे फार अवघड असते. मुंबईत परळलाच जनावरांचे बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल आहे, पशुवैद्यकाचे जुने कॉलेजही आहे. परंतु दवाखाना जवळ असला म्हणून मोडलेला पाय जुळतोच असे नाही. आणि घोडा गेला म्हणजे त्या घराचे पोटच गेले.

थोडा हिशेब

ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. चालकाला वस्तू दिसली, ती काय आहे हे कळले आणि पाय ब्रेकवर गेला, याला दीड सेकंद धरा. तेवढ्यात मोटार २५ मीटर पुढे गेली. ब्रेक चांगले आणि रस्ता कोरडा असेल तर थांबायला आणखी साधारण २० मीटर लागतात. एकूण ४५ मीटर झाले. रस्ता ओला असेल तर याहून कितीतरी जास्त.

आता दुसरी बाजू. मोटारीचा दिवा खाली केलेला असताना गडद कपड्यातला माणूस साधारण २५ ते ३० मीटरवर दिसतो. थांबायला ४५ मीटर पाहिजेत आणि दिसणार ३० मीटरवर. चालक भला असो की बुरा, दारू प्यालेला असो की नसो, हा हिशेब जुळतच नाही. चांगली चमकपट्टी अंगावर असेल तर तोच माणूस शंभर मीटरच्या पलीकडून लक्षात येतो. वाचण्याची जागा ती इथे आहे.

पांढरा सदरा घातला तर? काळ्यापेक्षा बरा, पण रात्री तेवढ्यावर भागत नाही. आणि भगवा फेटा, लाल शाल यांच्यावर अजिबात विसंबू नये. अंधार पडला की आपल्या डोळ्याला लाल रंग सर्वांत आधी काळा दिसू लागतो.

दोन प्रकारची कापडे

बाजारात मिळणाऱ्या जाकिटावर दोन वेगळ्या वस्तू असतात. त्यांची गल्लत होते म्हणून नीट समजून घेऊ.

१. झगझगीत पोपटी किंवा नारिंगी कापड. हे कापड सूर्यप्रकाशातले डोळ्याला न दिसणारे किरण शोषून घेते आणि दिसणाऱ्या प्रकाशात बाहेर टाकते. म्हणून ते आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा उजळ वाटते. दिवसा, ढगाळ हवेत, पावसात, पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याचा उत्तम उपयोग. पण रात्री सूर्याचे किरण नाहीत, त्यामुळे त्याचा हा गुण रात्री उपयोगी पडत नाही.

२. रुपेरी चमकपट्टी. आपण हिला सरसकट ‘रेडियम’ म्हणतो. प्रत्यक्षात तिच्यात रेडियम नसते आणि ती स्वतःहून उजेडही देत नाही. तिच्यात काचेचे अगदी बारीक मणी किंवा तसेच बारीक लोलक बसवलेले असतात. ते आलेला प्रकाश आल्या दिशेनेच परत धाडतात. मोटारीच्या दिव्याचा उजेड पट्टीवर पडला की तो दिव्याकडे, म्हणजेच चालकाच्या डोळ्यांकडे परततो. दिवसा ती पट्टी साधी करडी दिसते.

थोडक्यात, पोपटी कापड दिवसाचे, रुपेरी पट्टी रात्रीची. जाकिटावर दोन्ही पाहिजेत.

घरच्या घरी परीक्षा घ्या. रात्री अंगणात जाकीट टांगून ५० पावले लांब उभे राहा. बॅटरी कमरेपाशी धरून उजेड टाका. पट्टी बेताचीच चमकेल. मग तीच बॅटरी डोळ्याच्या बाजूला, कानशिलापाशी धरा. पट्टी एकदम पेटल्यासारखी दिसेल. चालकाला ती कशी दिसते हे पोराबाळांनाही यातून कळते. जुन्या जाकिटाची पट्टी पेटली नाही तर ते जाकीट रात्रीच्या कामाचे राहिले नाही असे समजावे. धूळ, चिखल आणि तेल यांनी पट्टी मरते. ती साबणाच्या साध्या पाण्याने धुवावी, घासू नये, इस्त्री करू नये.

कोणी, कुठे, काय लावायचे

इंग्लंडमध्ये आजही पुष्कळ लोक रस्त्याने घोड्यावरून जातात. तिथल्या सरकारी रस्ता-संहितेत स्वारांसाठी स्पष्ट सूचना आहेत, आणि तिथेही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक असल्याने त्या आपल्याला जशाच्या तशा लागू पडतात. पहिली सूचना अशी की शक्यतो रात्री घोडा रस्त्यावर आणूच नये. आणावाच लागला तर:

स्वाराने दिवसा उजळ किंवा झगझगीत कपडे घालावेत, रात्री चमकपट्टीचे. घोड्याच्या पायांना, खुराच्या वरच्या सांध्याच्याही वर, चमकणारे पट्टे बांधावेत. स्वाराच्या उजव्या दंडाला किंवा पायाला पुढे पांढरा आणि मागे लाल दिसेल असा दिवा असावा. उजवीकडे अशासाठी, की डावीकडून चालणाऱ्या स्वाराची उजवी बाजू वाहनांकडे असते.

पायांना पट्टे कशाला, असे कुणी विचारील. छातीवरची पट्टी चालकाला रस्त्याकडेचा फलकही वाटू शकते. पण खालीवर हलणाऱ्या चार पट्ट्या दिसल्या की हे चालणारे जनावर आहे हे मेंदूला तात्काळ उमगते. माणसाच्या बाबतीतही घोटा, गुडघा आणि मनगट यांवरच्या पट्ट्या याच कारणाने जास्त उपयोगी पडतात. लगामाला, छातीपट्ट्याला, दुमचीला आणि झुलीच्या कडेला पट्टी शिवून घेतली तर आणखी चांगले. फक्त नवी वस्तू आधी तबेल्यातच घोड्याला हुंगू द्यावी, बांधून चालवून बघावे. थेट रस्त्यावर पहिला प्रयोग केला तर घोडा बुजेल.

घोडा हाताने धरून नेताना तो आपल्या डाव्या हाताला ठेवावा, म्हणजे वाहने आणि जनावर यांच्यामध्ये माणूस येतो. यात जनावराचे रक्षण होते, पण माणूस वाहनांच्या जवळ येतो. तेव्हा जाकिटाची खरी गरज मोतद्दाराला आहे, नवरदेवाला नव्हे.

आपल्या गाडीतळावर

आता आपल्या घराकडे या. भरलेल्या उसाच्या गाड्या रात्री रांगेने कारखान्याकडे येतात, तेव्हा एकमेकींच्या सोबतीने थोड्याफार तरी दिसतात. काट्यावर वजन झाले, गव्हाणीत ऊस उतरला, आणि पहाटे दोन-तीनला रिकामी गाडी एकटीच टोळीकडे परत निघाली की वरातीच्या घोड्यासारखीच तिची अवस्था होते. गाडीवान कांबळे पांघरून पेंगतो आणि बैल वाट ओळखून चालतात. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

गाडीला पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर असावा. भरलेल्या गाडीत लोंबणाऱ्या मोळ्यांच्या शेंड्यांनी मागचा रिफ्लेक्टर झाकला जातो, तेव्हा ऊस भरून झाल्यावर मागे जाऊन तो दिसतो की नाही हे बघावे. गाडीवानाने कांबळ्याच्या आत नव्हे, वरून जाकीट घालावे. बैलांच्या शिंगांना रंग लावतो तसे जुवाच्या टोकांना पट्टी लावावी, समोरून येणाऱ्याला रुंदी कळते. परतीच्या गाड्यांनी दोन-तीन मिळून निघावे आणि शेवटच्या गाडीला कंदील किंवा बॅटरीचा लाल दिवा बांधावा. मुकादमाने आणि चिटबॉयने गाडी सुटताना एवढे बघितले तरी पुष्कळ झाले.

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल आहे त्यांच्यासाठीही चार शब्द. इंग्लंडच्या संहितेत २०२२ पासून घोड्याजवळून जाताना वेग ताशी १६ किलोमीटरच्या आत ठेवावा आणि किमान २ मीटर अंतर सोडावे असे लिहिले आहे. जनावराजवळ हॉर्न वाजवू नये, टेप मोठ्याने लावू नये. जाकीट घातलेला दिसतो, पण दिसल्यावर वेग कमी करणे हे चालकाचेच काम. जाकीट ही काही ढाल नव्हे.

आणि मुंबईला घरचे लग्न असेल तर घोडा ठरवतानाच मोतद्दाराच्या परतीचे बोलून घ्या. दोन जाकिटे आणि चार पट्टे आहेराच्या एका साडीहून महाग पडत नाहीत. बँडवाल्यांना सांगून एक बत्तीवाला त्याच्यासोबत तबेल्यापर्यंत धाडता आला तर उत्तमच.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. पोपटी कापड रात्री का चालत नाही आणि रुपेरी पट्टी दिवसा का चालत नाही?

२. ताशी ४० किलोमीटर वेगाला मोटार थांबण्यासाठी किती अंतर लागेल? ब्रेक लागल्यानंतरचे अंतर ९ मीटर धरून हिशेब करा. (उत्तर: सुमारे २६ मीटर. गडद कपड्यातला माणूस याच्याच आसपास दिसतो, म्हणजे या वेगालाही हाताशी काही उरत नाही.)

३. आपल्या गटातून कारखान्यापर्यंतच्या वाटेवर उजेड नसलेली वळणे आणि पूल किती आहेत? त्यांची यादी करून हंगाम सुरू होण्यापूर्वी गट कार्यालयात द्या.

४. आपल्या टोळीत किती गाडीवानांकडे चालू स्थितीतले जाकीट आहे? वर सांगितलेली बॅटरीची परीक्षा घेऊन मगच आकडा लिहा.