भिंतीवरील संहिता : दुकानांच्या जुन्या पाट्यांचे वाचन

दिल्लीतील कोपर्निकस मार्ग हा ब्रिटिश अमदानीत लिटन रोड या नावाने ओळखला जाई. तो ज्या चौकात येऊन मिळतो त्या चौकाला लोक आजही मंडी हाउस म्हणतात. मंडीच्या राजाचा वाडा तेथे राहिलेला नाही; त्या जागी दूरदर्शनची इमारत उभी आहे. वास्तू गेली आणि नाव उरले. दिल्लीतील मार्गांच्या पाट्या हिंदी, इंग्रजी, पंजाबी व उर्दू अशा चार भाषांत असतात. मराठीचे ठिकाण म्हणून या मार्गावर जुने महाराष्ट्र सदन दाखवता येईल. परंतु 'महाराष्ट्र सदन' ही दोन पदे मराठीत व हिंदीत अक्षरशः एकच असल्यामुळे ती कोणत्या भाषेत लिहिली आहेत हे केवळ शब्दांवरून ठरवता येत नाही. त्यांत 'ल' किंवा 'श' असता तर अक्षराच्या वळणावरून काही अनुमान निघाले असते. या दोन अक्षरांची मराठी वळणे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण मानली आहेत आणि ती हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत.

पाटीचे वाचन इतके बारकाईने करावे लागते, आणि तसे ते साहित्याभ्यासात सहसा केले जात नाही. दिल्लीत वास्तू जाऊन नाव उरते. मुंबईच्या जुन्या वस्तीत याच्या उलटही घडते. दुकान नाहीसे झालेले असते, त्याचे नावही कोणाच्या ओठी नसते, पण इमारत पाडण्यापूर्वी दर्शनी भागावरील फ्लेक्स व पत्रे उतरवले की खालच्या भिंतीवर किंवा लाकडी पट्टीवर रंगवलेली अक्षरे दिसू लागतात. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर येथील बहुसंख्य चाळी उपकरप्राप्त इमारतींत मोडतात. १९६९ मध्ये अशा इमारतींची संख्या १९,६४२ होती, आणि त्यांतील १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या होत्या. त्यांचा पुनर्विकास गेली काही दशके चालू आहे. मेट्रो ३ च्या काळबादेवी व गिरगाव स्थानकांसाठीही काही इमारती हटवाव्या लागल्या. हा मार्ग २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्णपणे खुला झाला. पत्रा उतरणे आणि भिंत पडणे यांमधील अवधी थोडा असतो. पाटी वाचायची असेल तर ती त्याच अवधीत वाचली पाहिजे.

मराठी वाङ्मयेतिहासाला हा विषय परका वाटण्याचे खरे म्हणजे कारण नाही. मराठी भाषेच्या इतिहासाचा आरंभच कोरीव लेखांपासून सांगितला जातो. अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा मानला जातो, आणि श्रवणबेळगोळ येथील लेख तर कन्नड भूमीत आहे. शं. गो. तुळपुळे यांनी 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या ग्रंथात असे लेख ओळीओळीने संपादिले. रंगाने लिहिलेला व्यापारी मजकूर अभ्यासयोग्य नाही, असेही म्हणता येणार नाही. पॉम्पेई येथील भिंतींवर रंगवलेल्या व कोरलेल्या मजकुरांना लॅटिन लेखांच्या महासंग्रहात चौथा स्वतंत्र खंड मिळाला, आणि तो १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे दगडाला जी प्रतिष्ठा मिळाली ती तैलरंगाला मिळाली नाही, एवढाच याचा अर्थ.

अशा पाटीचा काळ बहुधा तिच्यावर लिहिलेला नसतो. तो अंतर्गत पुराव्यावरून काढावा लागतो. समजा, पत्र्याखालून 'येथें सर्व प्रकारचीं औषधें मिळतील, गिरगांव, मुंबई ४' अशा धर्तीचा मजकूर निघाला. 'येथें', 'प्रकारचीं', 'औषधें', 'गिरगांव' यांवरील अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. म्हणून पाटी त्यापूर्वीची असण्याचा संभव मोठा. 'मुंबई ४' हा टपाल विभागाचा क्रमांक आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाल्यावर तोच ४००००४ च्या शेवटी जाऊन बसला. नवी दिल्ली १ ही ११०००१ मध्ये बसली तशीच. किंमत आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ ची दशमान नाणेपद्धती आठवावी. वजन शेरात असेल तर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलेली मेट्रिक वजने. 'अिस्त्री', 'अुपाहारगृह' अशी रूपे दिसली तर सावरकरांनी पुरस्कारिलेल्या 'अ'च्या बाराखडीचा प्रभाव धरावा लागेल, आणि मग प्रश्न काळापुरता न राहता दुकानदाराच्या किंवा रंगाऱ्याच्या वैचारिक ओढीचा होतो.

मात्र यांपैकी एकही खूण एकटी निर्णायक नव्हे. रंगारी हा व्याकरणकार नसतो. त्याने पूर्वीची पाटी समोर ठेवून नवी रंगवली असेल तर जुने अनुस्वार १९७० नंतरही टिकतात. उलट कित्येकांनी ते १९६२ पूर्वीच गाळले असतील. हस्तलिखिताच्या पाठचिकित्सेत नकलकाराच्या सवयींचा जसा विचार करतात, तसाच येथेही करावा लागतो.

एका पाटीखाली दुसरी पाटी असणे ही सर्वांत मोलाची आणि सर्वांत फसवी अवस्था होय. जुन्या पांढऱ्या रंगात शिसे असे. तो इतर रंगांपेक्षा अधिक काळ टिकतो आणि आपल्याखालच्या पृष्ठभागाचेही रक्षण करतो. म्हणून वरचा रंग झिजला की खालची पांढरी अक्षरे वर येतात. दोन काळांतील दोन दुकाने मग एकाच ओळीत वाचली जातात. एका मालकाचे आडनाव दुसऱ्याच्या मालाला चिकटते. घाईने वाचणारा त्यातून तिसरेच दुकान निर्माण करतो.

पाटीची वाक्यरचनाही पाहण्यासारखी असते. मालकाचे नाव, वडिलांचे नाव, गाव सुचवणारे '-कर' प्रत्ययाचे आडनाव, मग 'आणि कंपनी', 'आणि सन्स', 'बंधू' किंवा 'आणि मंडळी'. हरिभाऊ आपट्यांचे प्रकाशक 'दामोदर सांवळाराम आणि मंडळी' या नावात 'कंपनी' या विदेशी कल्पनेला मराठी घरातला शब्द मिळालेला दिसतो. गिरगावातल्या 'बॉम्बे बुक डेपो'ने मात्र मराठी पुस्तके विकताना तिन्ही पदे इंग्रजी ठेवली. दुकानाच्या आत खातेवही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुधा मोडीत लिहिली जात असताना दारावरची पाटी बाळबोध असे. वही स्वतःसाठी आणि पाटी वाटसरूसाठी, हा लिपिभेद वाचकाच्या कल्पनेतून आलेला आहे. काळबादेवीसारख्या पेठेत बाळबोध, गुजराती व इंग्रजी अशा तीन लिपी एकाच फळीवर येत. त्यांचा क्रम आणि आकार गिऱ्हाइकाकडे पाहून ठरे. आज तो कायद्याने ठरतो. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरे अन्य लिपीपेक्षा लहान नसावीत असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. नियमाने लिहिलेल्या पाटीवरून भाषेचे बाजारातील स्थान कळत नाही, नियमाचे पालन तेवढे कळते. त्या दृष्टीने नियमापूर्वीच्या पाट्या अधिक बोलक्या आहेत.

त्या जे बोलतात ते नेहमीच ऐकण्यास सुखद असेल असे नाही. 'ब्राह्मणी खाणावळ', 'मराठा खानावळ' या शब्दांत अन्नाची पद्धत सांगितली आहे तशीच पंक्तीची सीमाही सांगितली आहे. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ ने दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांतील प्रवेशास जात आड येऊ नये असे स्पष्ट म्हटले. त्यानंतर असे विशेषण पाटीवरून खोडले गेले की तसेच राहिले, हे भिंतीवरच तपासता येते. जुन्या गिरगावाच्या स्मरणरंजनात रमणारे छायाचित्रकार सुबक अक्षरे टिपतात आणि नेमके हे शब्द वगळतात. संपादकाला तशी मुभा नसते.

युक्रेनमधील ल्विव्ह शहराचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान ते पोलंडमध्ये होते आणि त्याच्या लोकवस्तीत सुमारे एक तृतीयांश ज्यू होते. १९४१ नंतर ज्यू समाज मारला गेला, युद्धानंतर बहुतेक पोलिश लोक हलवले गेले. पुढे दर्शनी भिंतींचा गिलावा सुटला किंवा काढला गेला, तेव्हा पोलिश व यिडिश भाषांतील दुकानांच्या पाट्या वर आल्या. त्या वाचू शकणारा समाजच शहरात उरला नव्हता. (त्या शहरातही कोपर्निकसच्या नावाचा रस्ता आहे, तेथे तो पोलिश स्मृतीचा आहे.) काही पाट्या नंतर ताज्या रंगाने उजळण्यात आल्या. हा उपाय हौसेचा असला तरी संशोधनाच्या दृष्टीने घातक होय. फिकट अक्षरावर नवा रंग चढवणारा प्रत्येक संशयित पाठ निश्चित करून टाकतो, आणि मूळ पाठ त्याच्या निर्णयाखाली कायमचा जातो. गिरगावातील पाटीबाबतही पाडणे व उजळणे हे दोनच पर्याय समोर ठेवले जात असतील, तर तिसरा, म्हणजे आहे तशी नोंदणे, अभ्यासकांनी पुढे केला पाहिजे.

कवींनी हे काम आपल्या परीने आधीच केले आहे. निसिम इझिकेल यांची 'इराणी रेस्टॉरंट इन्स्ट्रक्शन्स' ही इंग्रजी कविता धोबी तलावच्या बास्तानी या इराणी उपाहारगृहातील सूचनाफलकावरून आली. ते उपाहारगृह बंद झाले. फलकाचा मजकूर कवितेमुळे राहिला. अर्थात कवीने घेतला तो मजकूर. अक्षरांची वळणे, त्यांचा रंग, फळीवरील जागा यांची नोंद कवितेत होत नाही, आणि कवितेकडून ती अपेक्षिणेही योग्य नव्हे.

नोंदीची रीत अवघड नाही. उन्हे कलती असताना बाजूने पडणाऱ्या प्रकाशात अक्षरांचा उठाव दिसतो. मोजपट्टी भिंतीला लावून छायाचित्र घ्यावे. निश्चित, संशयित व लुप्त अक्षरे वेगवेगळ्या चिन्हांनी दाखवावीत. शेजारच्या वृद्ध दुकानदाराची साक्ष मजकुराशी न मिसळता स्वतंत्र लिहावी. आणि चौकट ठरवताना खालचा उजवा कोपरा सोडू नये. जुन्या पोथीच्या शेवटी पुष्पिकेत लेखनिक आपले नाव व तिथी देई. रंगारी त्या कोपऱ्यात अगदी लहान अक्षरांत आपले नाव, 'पेंटर' हा शब्द आणि कधी गल्लीचे नाव लिहीत असे. मालकाचे नाव मोठे असल्यामुळे छायाचित्रे त्याच्यावर रोखली जातात, आणि कडेने छाटला जातो तो बहुधा हाच कोपरा.