वेदनाशामक औषधाचा त्याग आणि पादांशिक क्रम

कटिशूल वा संधिशूलासाठी दिलेले ट्रामाडॉल महिनोन्‌महिने घेणारे रुग्ण आपल्याकडे येतात व ‘इंग्रजी गोळ्या सोडवा’ असे म्हणतात. हे द्रव्य अहिफेनासारखेच कार्य करते. एप्रिल २०१८ पासून ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. म्हणून त्याच्या त्यागाचा विचार साध्या वेदनाशामकाप्रमाणे करता येत नाही.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी प्रतिदिनी ३०० मि.ग्रॅ. ट्रामाडॉल घेणाऱ्या एका रुग्णाचे औषध मी पहिल्याच दिवशी बंद करविले व वातशामक चिकित्सा आरंभिली. दुसऱ्या रात्री अतिसार, स्वेद, जृंभा, रोमहर्ष, अंगमर्द व अनिद्रा उत्पन्न झाली. अतिसारावर मी कर्पूररस दिला. काही तासांतच सर्वच लक्षणे शमली आणि मी समाधान मानले. पुढे कर्पूररसाचा पाठ पुन्हा पाहताना त्यातील अहिफेनाकडे लक्ष गेले. अतिसारासह बाकीची लक्षणेही का शमली, हे तेव्हा उमगले. व्यसन सुटले नव्हते. द्रव्य तेवढे बदलले होते.

शास्त्राधार

सात्म्य झालेले अहितकर द्रव्य एकाएकी सोडू नये, क्रमाने सोडावे, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायात सांगितले आहे. वाग्भटाचार्यांनी चतुर्थांशासोबत पादाचाही पाद, म्हणजे षोडशांश, हा पर्याय दिला आहे. दीर्घकालीन सेवनात चतुर्थांशाची घट फार मोठी ठरते. षोडशांश सुमारे ६ टक्के होतो. वर्षाहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांत महिन्याला सुमारे १० टक्के वा त्याहून मंद घट करावी, या आधुनिक मताशी तो जुळतो. मात्र ग्रंथोक्त एक-दोन-तीन दिवसांचे अंतर येथे अपुरे आहे. ते आठवड्यांचे वा महिन्याचे असावे.

उपक्रम

मूळ औषध लिहून देणाऱ्या चिकित्सकाशी विचारविनिमय करूनच मात्रा उतरवावी. लक्षणे वाढल्यास घट थांबवावी. रुग्णास दोष देऊ नये. अभ्यंग, पादाभ्यंग व शिरोधारा यांनी अस्वस्थता सुसह्य होते. अतिसारात लाजमंड, पेया व ताजे ताक द्यावे. औषध हवेच असल्यास कुटजघन वटी योजावी.

सावधानता

१) कुपीलुयुक्त कल्प टाळावेत. कुपीलूतील स्ट्रिक्नीन आक्षेपकारक आहे, आणि ट्रामाडॉलनेही आक्षेप येऊ शकतात.

२) आक्षेप, भ्रम, गर्भावस्था, सतत वमन अथवा आत्मघाताचे विचार असल्यास रुग्णालयात वा मानसरोगतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे. त्यांच्याकडील ब्युप्रेनॉर्फिनसारखे उपचार घेणे हा आपला पराभव नव्हे.

३) काही काळ सुटलेले औषध पूर्वीच्याच मात्रेत पुन्हा घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यू येऊ शकतो. मद्य विच्छिन्न झाल्यावर सहसा पुन्हा अतिसेवन केल्याने होणारे ध्वंसक व विक्षय चरकांनी मदात्ययात वर्णिले आहेत. तो इशारा येथेही स्मरावा. ही गोष्ट रुग्णास व त्याच्या घरच्यांस प्रारंभीच सांगावी.

औषधविक्रेत्यांसाठी

ट्रामाडॉल एच-१ अनुसूचीत असल्याने त्याच्या विक्रीची नोंद तीन वर्षे जपावी लागते. तीच दक्षता कर्पूररस, कामिनीविद्रावण रस इत्यादी अहिफेनयुक्त कल्पांबाबत असावी. तोच ग्राहक तोच कल्प वारंवार मागत असेल, तर त्यास वैद्याकडे पाठवावे. १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्य क्रमांक दुकानात दर्शनी भागी लावावा.

आपल्या कपाटातील प्रत्येक कल्पाचा पाठ एकदा पुन्हा वाचावा, ही वैद्यबंधुभगिनींस विनंती. मला तो उशिरा वाचावा लागला.